काढायला गेलो तेवीसशे, देऊन आलो आधार-पॅन

जुन्या सिडकोत, पवननगरच्या बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्डचे फॉर्म, लाइट बिल, आणि जून उजाडला की अकरावी-आयटीआयचे प्रवेश. दिवसाला शंभरेक आधारकार्डं माझ्या मशीनच्या काचेवर पालथी पडतात. निदान माझ्यासारख्याला तरी कळायला हवं होतं, की आपले कागद कुठे द्यायचे आणि कुठे नाही. नाही कळलं.

२०२३ ची दिवाळी झाली आणि दुकान थंड पडलं. बसल्या बसल्या मोबाईलवर रूलेट आणि तीन पत्तीचं एक ॲप घेतलं. पैसे भरताना त्यांनी काहीच विचारलं नाही; क्यूआर स्कॅन करा, खेळा. दोन आठवड्यांत साडेअकरा हजार गेले. एका रात्री मात्र खात्यात २,३०० रुपये जिंकलेले दिसले, म्हटलं एवढे तरी काढून घेऊ. काढायचं बटण दाबलं आणि तिथे यादी आली: आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, पासबुकचं पहिलं पान, आणि आधार हातात धरून सेल्फी. साडेनऊ वाजलेले, शटर अर्धं खाली ओढलेलं. काउंटरवर कार्डं मांडली, फटाफट फोटो काढले, पाठवले. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

चार महिन्यांनी एका अनोळखी माणसाचा फोन आला, आठ हजारांच्या कर्जाचा हप्ता थकलाय म्हणून. मी म्हटलं, कर्ज घेतलंच नाही. त्याने पुरावा म्हणून माझ्या पॅनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. फोटो मोठा करून बघितला. उजव्या कोपऱ्यात चहाच्या ग्लासाची कड. खाली काउंटरच्या काचेखालचा माझा दरपत्रकाचा कागद, त्यातलं ‘झेरॉक्स’मधलं अर्धं ‘क्स’. असा फोटो मी आयुष्यात एकदाच काढला होता आणि एकाच ठिकाणी पाठवला होता.

त्या फोननंतरच्या सहा आठवड्यांत जे जे करावं लागलं, आणि नंतर गिऱ्हाइकांच्या फोनवर बसून जे जे केलं, ते इथे लिहून ठेवतोय. खेळावं की नाही यावर मी बोलणार नाही; ते माझी बायको माझ्याशी पुरेसं बोलली आहे.

आधी कायद्याचं दोन ओळीत

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात सरसकट बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, बँकांनी असे व्यवहार होऊ द्यायचे नाहीत. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक ‘आपणच आत जाऊ’ या भीतीने तक्रार करत नाहीत.

तुमच्या कागदांच्या दृष्टीने याचे दोन अर्थ. मोठ्या भारतीय ॲपांनी पैशांचे खेळ थांबवले, पण तुम्ही २०२२-२३ मध्ये दिलेलं आधार-पॅन त्यांच्याकडेच आहे. ॲप फोनवरून उडवल्याने ते उडत नाही. आणि जे अजून टेलिग्रामच्या ग्रुपवरून, व्हॉट्सॲपच्या नंबरवरून ‘आयडी’ (म्हणजे खेळायचं खातं) देतात, ते देशाबाहेरून किंवा चोरून चालतात. ते कुठलाच नियम पाळत नाहीत. त्यांच्या साइटवर लिहिलेल्या प्रायव्हसी पॉलिसीची किंमत माझ्या दुकानातल्या रद्दीच्या झेरॉक्सएवढी.

कागदावर खूण

माझ्या चुकीतून मला हाती लागलेली गोष्ट म्हणजे तो चहाचा ग्लास. तो फोटोत नसता तर कागद कुठून फुटला हे मला कधीच कळलं नसतं. म्हणून आता कुठेही कागद देताना मी तो ग्लास मुद्दाम ठेवतो, म्हणजे खूण करतो.

पद्धत साधी आहे. आधारची झेरॉक्स काढा. निळ्या बॉलपेनने तिरक्या ओळीत लिहा: कोणाला दिली, कशासाठी, तारीख. ‘फक्त अमुक गॅस एजन्सी, नाव बदलासाठी, १२ मार्च’. कोपऱ्यात नाही लिहायचं, कोपरा कापता येतो. अक्षरं फोटोच्या खांद्यावरून आणि नावाच्या ओळीवरून गेली पाहिजेत, पण नाव वाचता आलं पाहिजे. मग त्या झेरॉक्सचा फोटो काढून पाठवा, मूळ कार्डाचा नाही. मोबाईलवरही होतं: फोटो उघडा, एडिट, मार्कअप, बोटाने लिहा. पण लिहिल्यावर त्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच पाठवा. काही फोनमध्ये एडिट केलेला फोटो पुन्हा मूळ रूपात आणता येतो, म्हणून.

आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या. मायआधारच्या साइटवरून डाउनलोड करताना एक चौकट टिक केली की पहिले आठ अंक झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरूच्या कार्यालयाने ‘झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या’ असं पत्रक काढलं होतं. गैरसमज होतो म्हणून ते दोनच दिवसांत मागे घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत माझ्या दुकानात लोक येऊन भांडले होते. पत्रक गेलं, पण मास्क्ड आधारची सोय तेव्हाही होती आणि आजही आहे.

कार्ड हातात धरून सेल्फी मात्र कुठल्याच खेळाच्या साइटला देऊ नका. कार्डाचा नुसता फोटो असेल तर समोरच्याला तुमचा चेहरा लागतो. या सेल्फीत चेहरा आणि कार्ड एकाच चौकटीत मिळतं, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तुमच्या नावाने खातं उघडणाऱ्याचं अर्धं काम झालं. खूण केलेला कागद पाठवल्यावर ‘फोटो क्लिअर नाही, मूळ कार्ड पाठवा’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. अडकलेले पैसे तेवीसशे असोत नाहीतर पाच हजार, सोडून द्या. भरताना एक अक्षर विचारत नाहीत आणि काढताना जन्मपत्रिका मागतात, तिथे पैसे मिळत नसतात. हे मी अनुभवाने सांगतो, आणि माझ्यानंतर तेरा-चौदा जणांचे फोन बघून सांगतो.

आणखी एक बारीक गोष्ट. मोबाईलने काढलेल्या फोटोत बऱ्याचदा जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ते निघून जातात, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तसेच जातात. ही मंडळी ‘क्वालिटीसाठी डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असंच सांगतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून टाका, विषय संपला.

फोनच्या आत

मागच्या पावसाळ्यात अंबड एमआयडीसीतला एक मुलगा रात्रपाळी करून सकाळी थेट दुकानात आला. टेलिग्रामवरून एपीके (प्ले स्टोअर टाळून थेट टाकायची ॲपची फाइल) घेऊन कॅसिनोचं ॲप टाकलं होतं. “दादा, ॲप निघतच नाही. काढायला गेलो की सेटिंग आपोआप बंद होते.” मी फोन हातात घेतला. ॲप्सच्या यादीत गेलो, नावावर टॅप केलं, ‘अनइन्स्टॉल’वर बोट न्यायच्या आत स्क्रीन मागे उडाली. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच. त्याने ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली होती. ही सोय अंध-अपंगांसाठी आहे; ती मिळाली की ॲपला स्क्रीनवर काय आहे ते वाचता येतं आणि बटणंही दाबता येतात. आपण काढायला जातोय हे ते ॲप बघत होतं आणि मागे जायचं बटण स्वतःच दाबत होतं.

असं झालं तर हे करा. आधी विमान मोड चालू करा आणि वायफाय बंद आहे ना ते बघा. म्हणजे ओटीपी आला तरी बाहेर जाणार नाही. मग पॉवरचं बटण दाबून ठेवा, ‘पॉवर ऑफ’ दिसेल, त्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेफ मोड’ विचारतो. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत. आता सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी बंद करा, ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून तिथून त्याचं नाव काढा, मग अनइन्स्टॉल करा. त्या मुलाचं वीस मिनिटांत झालं. त्यातली दहा मिनिटं तो ‘आईला सांगू नका’ एवढंच म्हणत होता. आईचा नंबर माझ्याकडे असायचं काही कारण नव्हतं.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही, फोन अडवतो. म्हणून ही ॲप्स तुम्हाला व्हिडिओ दाखवतात, ‘इथे टॅप करा, रिस्ट्रिक्टेड सेटिंग अलाऊ करा’. खेळाच्या ॲपने सेटिंगचा व्हिडिओ दाखवला की ते तुमचंच कुलूप तुमच्याच हाताने उघडवून घेतंय असं समजा.

प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपचीही परवानगी बघून घ्या. सेटिंग, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर. तिथे एसएमएस उघडा: मेसेजचं ॲप, बँक, यूपीआय सोडून कोणी आहे का? कॉन्टॅक्ट उघडा: पत्त्याच्या खेळाला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवा? मी कॉन्टॅक्ट दिले होते. कर्जवाल्याने माझ्यानंतर बायकोला फोन केला, मग मुलीच्या क्लासच्या सरांना, मग मला कागदाचे रिम देणाऱ्या रविवार कारंजावरच्या व्यापाऱ्याला. बायकोने दुकानात फोन करून एवढंच विचारलं, “अहो, कसलं कर्ज?” आठ हजारांपेक्षा तो प्रश्न महाग पडला.

एक कोड पाठ करून ठेवा: *#२१# डायल केलं की तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का ते दिसतं. ##००२# डायल केलं की सगळी वळवणी रद्द होते. फोन कॉलवर बोलून सांगितला जाणारा ओटीपी असाच चोरतात.

पैसे येतानाचा धोका

पैसे जाताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. येताना काय होतं ते कमी जणांना माहीत असतं.

कॅसिनोच्या क्यूआरवर कधी नाव नीट वाचलंत का? कधी किराणा, कधी ट्रेडर्स, कधी कुणा बाईचं नाव, आणि दर दिवशी नवीन. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. तुम्ही जिंकलात तर पैसे अशाच कुठल्यातरी खात्यातून येतात. त्या खात्यात आधी कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे आलेले असले, आणि त्या माणसाने त्याच्या राज्यात तक्रार केली, की पोलीस पैशाची साखळी धरून पुढे येतात आणि साखळीत तुमचं खातंही होल्डवर जातं.

निफाड तालुक्यातले एक द्राक्षवाले काका माझ्याकडे आले होते. त्यांच्या मुलाने कॅसिनोतून चार हजार रुपये काकांच्या खात्यावर घेतले होते. त्याच खात्यात मालाचे एक लाख शहाऐंशी हजार आले आणि अडकले. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर, मजुरांना द्यायला पैसे नाहीत, आणि बँकेतला माणूस म्हणतो वरून होल्ड आहे. आम्ही काय केलं ते सांगतो, उपयोगी पडेल. बँकेकडे लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागितल्या: तक्रारीचा पोच क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, आणि होल्ड नेमका किती रकमेवर आहे. चार हजारांच्या वादासाठी अख्खं खातं अडवलं असेल तर ‘वादातली रक्कम अडवा, बाकी मोकळी करा’ असा अर्ज बँकेला आणि त्या ठाण्याला मेलने दिला. सोबत आडत्याची पट्टी, सातबारा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. पैसे सुटले, पण छाटणी उसनवारीवर झाली.

म्हणून ज्या खात्यात पगार, पेन्शन किंवा मालाचे पैसे येतात ते खातं आणि त्याचा यूपीआय कुठल्याही खेळाला जोडू नका. जोडलाच असेल तर यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ (आपोआप पैसे कापायची परवानगी) उघडून काही चालू आहे का बघा आणि रद्द करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे दुकानाच्या काचेवर मी मोठ्या अक्षरात चिकटवलंय. तरी महिन्याला एकजण फसतोच.

आणि कॉलेज रोडवरच्या पोरांना खास: ‘खातं दे, महिन्याला इतके देतो’ म्हणणारा मित्र मित्र नाही. पासबुक, एटीएम आणि सिम एकत्र मागितलं की तुमचं खातं त्या क्यूआरच्या मागचं खातं होणार. पोलीस आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात.

कागद आधीच दिले असतील तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक उलट करतात. घाबरून पहिल्यांदा ॲप उडवतात, मग कुठे काय दिलं होतं तेच आठवत नाही. ॲप प्ले स्टोअरचं असेल तर उडवण्याआधी आत जा, प्रोफाइलचे, भरलेल्या-काढलेल्या पैशांचे, दिलेल्या कागदांचे स्क्रीनशॉट घ्या. एपीके असेल तर मात्र वर सांगितल्याप्रमाणे आधी विमान मोड, मग बाकीचं.

मग नंबर. सरकारच्या ‘संचार साथी’ या साइटवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून कळतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. माझ्या नावावर चार निघाली. तीन आमच्या घरातली, चौथं कुणाचं देवाला ठाऊक. ‘नॉट माय नंबर’ करून कळवलं, बंद झालं. हे पहिल्यांदा करायचं कारण असं की त्या चौथ्या सिमवरून पुढे काहीही होऊ शकतं, आणि नाव तुमचं लागतं.

नंतर आधार. मायआधारवर बोटांचे ठसे, डोळे, चेहरा हे सगळं लॉक करता येतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे आधार क्रमांकच लॉक करणं. मग आधार क्रमांक टाकून ओटीपीनेसुद्धा कुणाला काही करता येत नाही. तुम्हाला स्वतःला लागेल तेव्हा सोळा अंकी व्हीआयडी (आधार क्रमांकाऐवजी चालणारा बदली क्रमांक) वापरायचा, म्हणून तो आधी काढून वहीत लिहून ठेवा. माझ्या दुकानात नको, घरी. त्याच साइटवर गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं त्याची यादी मिळते. अनोळखी नाव दिसलं तर स्क्रीनशॉट.

पॅन लॉक करता येत नाही, त्यावर नजर ठेवावी लागते. दोन ठिकाणी बघा. पहिलं, क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चौघांकडून वर्षातून एकेकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तीन-तीन महिन्यांनी एकेकाकडून मागवला की वर्षभर पहारा राहतो. माझ्या रिपोर्टमध्ये ते आठ हजारांचं कर्ज होतं, बाजूला पत्ता भलत्याच गावचा. डिस्प्यूट टाकला, सोबत पोलिसांच्या तक्रारीची प्रत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे, हे मेलमध्ये लिहा. ते लिहिल्यावर पत्रव्यवहाराचा सूर बदलतो.

दुसरं, आयकराच्या साइटवरचं एआयएस, म्हणजे वर्षभरात तुमच्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांची यादी. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर एप्रिल २०२३ पासून तीस टक्के टीडीएस कापला जात होता, आणि तो पॅनवर दिसतो. तुम्ही खेळलाच नाहीत आणि तिथे जिंकल्याची नोंद दिसली, तर तुमच्या पॅनवर कुणीतरी खेळलंय. त्या नोंदीवर ‘माझी नाही’ असा अभिप्राय तिथेच देता येतो. खेळून जिंकलं असेल तर ते सीएला सांगा, लपवायची युक्ती माझ्याकडे नाही.

राहिली ती ॲपवाली कंपनी. भारतातली असेल तर तिच्या साइटवर ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’चं नाव आणि मेल द्यावंच लागतं. तिथे मेल लिहा. मोबाईल नंबर आणि युजर आयडी द्या, पुन्हा आधार जोडू नका (जोडतात लोक!). ‘माझी संमती मागे घेत आहे. माझं खातं बंद करा, आधार, पॅन, फोटो, बँकेचा तपशील काढून टाका. कायद्याने जे ठेवावं लागतं ते कुठल्या नियमाने आणि कधीपर्यंत ठेवणार ते लेखी कळवा. माझी माहिती कुणाकुणाला दिली ती नावं द्या.’ २०११ च्या आयटी नियमांप्रमाणे त्यांना महिन्याभरात तक्रार मिटवावी लागते. नवा वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यात अठरा महिने दिलेत. तोवर जुन्या नियमांवरच भागवायचं. परदेशी साइटला मेल लिहून उपयोग नाही. तुमचा मेल चालू आहे एवढंच त्यांना कळतं.

थोडक्यात आवरतो ते

पासवर्ड. खेळाचा, मेलचा आणि फेसबुकचा एकच ठेवला असेल तर आजच मेलचा बदला आणि दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू करा. मेल हातातून गेला की बाकी सगळं त्याच्यामागे जातं.

ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह. त्याचा अर्थ वाटेत कुणी वाचत नाही एवढाच. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही.

व्हीपीएन, म्हणजे तुम्ही कुठून जोडलात ते लपवणारं ॲप. तोंडाला रुमाल बांधून गेलात आणि आत जाऊन आधारकार्ड दिलंत, तर रुमालाचं काय काम? फुकटचा व्हीपीएन तर तुमचीच हालचाल विकून पोट भरू शकतो.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो, तिथे ऑनलाइन कॅसिनो कायदेशीर आहेत. त्याची पद्धत चांगली आहे: साइटच्या तळाला लिहिलेला परवाना क्रमांक तो तिथल्या गॅम्बलिंग कमिशनच्या नोंदवहीत जाऊन तपासतो. साइटवरच्या चिन्हावर त्याचा विश्वास नसतो, चित्र कुणीही चिकटवतं. तिथल्या कायद्याने ‘माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते द्या’ असं मागितलं की साधारण महिन्याभरात द्यावं लागतं. त्याने मागितलं तर कितीला लॉगिन केलं, किती वेळ बसला, सगळं आलं. वाचून तोच गप्प झाला. पण तिथल्या परवान्याचं चित्र आपल्याकडच्या टेलिग्राम लिंकवर दिसलं तर त्याला काही अर्थ नाही.

टेलिग्रामवर तुमचा नंबर ‘नोबडी’ला दिसेल असं करून ठेवा. व्हॉट्सॲपचा डीपी फक्त ओळखीच्यांना. बायकोचा किंवा पोरांचा फोटो डीपीला असेल तर तो कर्जवाल्यांच्या हातातलं हत्यार आहे.

तक्रार, आणि तक्रारीनंतरचे फोन

पैसे चोरीला गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, लगेच, त्याच तासात. पैसे अजून साखळीत असतील तर थांबवता येतात, दुसऱ्या दिवशी अवघड होतं. हाताशी ठेवा: व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, तुमची बँक. कागदांचा गैरवापर झाला असेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका आणि पोच क्रमांकाची प्रिंट काढून ठेवा. पुढे सिबिलला, बँकेला, सगळीकडे तीच लागते. नाशिक शहराचं सायबर पोलीस ठाणं वेगळं आणि ग्रामीणचं वेगळं. सिन्नर, निफाड, पिंपळगावकडच्यांनी शहरात हेलपाटा घालण्याआधी हे बघावं. तक्रारीत खरं लिहा, ‘कॅसिनोत खेळलो’ हेही लिहा. ते लपवलं की पुढची साखळी जुळत नाही. स्वतः पिन टाकून हरलेले पैसे मात्र फसवणुकीत बसवायचा प्रयत्न करू नका, बँक ते परत देत नाही.

तक्रार करा नाहीतर न करा, काही आठवड्यांनी एक गोड आवाजाचा फोन येईल: ‘तुमचे गेमिंगमध्ये गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी.’ मला दोन आले. एकाला माझी हरलेली रक्कम जवळजवळ बरोबर माहीत होती. हरणाऱ्यांची यादीही विकली जाते. एकदा हरलेला माणूस परत मिळवायला पुन्हा पैसे घालतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. फोन ठेवा, नंबर संचार साथीवर ‘चक्षू’ या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीत कळवा.

एक शेवटचं, माझ्याच धंद्याचं. तुम्ही आम्हा झेरॉक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर आधारची पीडीएफ टाकता, वर पासवर्डही टाइप करता. प्रिंट घेऊन निघून जाता आणि फाइल आमच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये राहते. त्या कर्जवाल्याच्या फोनपर्यंत मलाही याचं काही वाटत नव्हतं. नंतर एका रात्री मोजलं तर फोल्डरमध्ये सहाशेच्या वर फाइली होत्या. आता रोज शटर ओढण्याआधी डाउनलोड, व्हॉट्सॲपच्या चॅट आणि रिसायकल बिन असं तिन्ही साफ करतो. पण माझ्यावर विसंबू नका. प्रिंट हातात पडली की काउंटरवर उभे राहा आणि म्हणा, “दादा, माझ्यासमोर डिलीट करा.” राग येत नाही कुणाला. आणि चॅटमधून तुमच्या बाजूनेही ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करा, मी स्क्रीन तुमच्याकडे फिरवून दाखवीन.